वळ

अठरा वर्षं मी या बोटीवर दोर धरते.
धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला फास घालायचा,
ताण घ्यायचा, सैल सोडायचा, पुन्हा ताण.
ओला दोर सरकला की कातडीवर काय उमटतं
ते मला कुणी सांगायला नको.

ओलाफ क्लाउस्टन दर गुरुवारी यायचा,
आठ दहाची बोट, कर्कवॉलच्या सुतारवर्गाला.
वय चव्वेचाळीस. बोलणं सावकाश,
एकेक शब्द आधी जिभेवर ठेवून बघायचा, मग बाहेर.
मूठ उघडून भाड्याची नाणी दाखवायचा,
"बरोबर आहेत ना, इंगा?"
आणि कठड्याशी उभा राहून सील मोजायचा.
सव्वीस हा त्याचा विक्रम.
आकडे मी वहीत लिहायचे, त्याचाच तसा हुकूम होता.

आई गेली. धाकटा एर्लंड बायकोला घेऊन घरी राहायला आला.
सगळं बेट म्हणालं, बरं झालं बाई,
शेवटी आपलं माणूस ते आपलं माणूस.
मीही म्हणाले. केक नेऊन दिला.

नोव्हेंबरात त्याच्या अंगावर कोट नव्हता.
"विसरला असेल," इंजिनावरचा टॅम म्हणाला.
विसरत नाही तो. माझा वाढदिवस
या बेटावर त्याच्या एकट्याच्या लक्षात असतो.
पट्ट्याला नवं भोक, खिळ्यानं पाडलेलं.
बिस्किट दिलं तर पाठ फिरवून खाल्लं, घाईघाईनं.
"मोजून काय करायचंय?" म्हणाला.
हे वाक्य त्याचं नव्हतं,
कुणीतरी त्याच्या तोंडात ठेवलेलं.

मूठ मात्र घट्ट.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात;
कुणाचे लाख, ते नाही सांगत कुणी.
मी हळूच त्याची बोटं सोडवली.
आत काही नव्हतं.
आणि बाही वर सरकली.

मनगटाभोवती वळ. पुरता गोल.
तीनपदरी दोराचा पीळ, तिरपा छापलेला,
जुना पिवळा, त्यावर नवा जांभळा.

आता माझं सांगते.
मी तीन गुरुवार गप्प बसले.
एर्लंड लाइफबोटीवर जातो,
दोन वादळांतून माणसं काढलीत त्यानं.
त्याची बायको माझ्या मुलीला पियानो शिकवते.
बेटावर बाहत्तर माणसं, दुकान एक,
चहाचा डबा काढायला हात वर केला
तरी कुणाचं तरी कोपर लागतं.
आणि मी कोण? डॉक्टर? पोलीस?

चौथ्या गुरुवारी तो आलाच नाही.
बोट सुटली. त्याची कठड्यापाशची जागा तशीच,
आणि त्या सकाळी खडकावर सील इतके, इतके.

इंजिनाच्या खोलीत दार लावून फोन केला.
पलीकडची बाई म्हणाली,
"तुम्हाला काय वाटतं ते नंतर. काय दिसलं ते सांगा."
कोट. पट्टा. बिस्किट. मूठ. मनगट.
एवढंच होतं. एवढंच मी महिनाभर उचलत नव्हते.
"कधीपासून?" तिनं विचारलं.
मी सीलची वही उघडली.
सव्वीस, एकोणीस, बावीस, आणि मग नुसत्या तारखा,
पुढे आकडा नाही.
त्याच वाचून दाखवल्या.
"नाव दिलंच पाहिजे असं नाही," ती म्हणाली.
दिलं. नाहीतरी दुपारच्या बोटीनं
दोन अनोळखी माणसं धक्क्यावर उतरणार,
तेव्हा दोर माझ्याच हातात असणार होता.

एर्लंड आता तिकीट घेताना समुद्राकडे बघतो.
पियानो बंद. कुणी म्हणतं, हिनं घर फोडलं.
कुणी रात्री दारात अंडी ठेवून जातं, न बोलता.

ओलाफ कर्कवॉललाच राहतो. मार्चमध्ये धक्क्यावर भेटला.
कोट नवा, जरा मोठा, बाह्या बोटांपर्यंत.
मी बघितलं नाही. त्यानं दाखवलं नाही.
"उशीर केलास तू," तो म्हणाला,
एकेक शब्द नीट ठेवत.
मग खडकाच्या दिशेनं मान वळवून,
"आज किती होते?"

मी मोजले नव्हते.